खलाशाच्या बनियनची गोष्ट

या मालिकेचे जुने भाग पाहिले असतील, तर हा टॉप तुमच्या ओळखीचा असणार. पांढऱ्यावर निळ्या आडव्या पट्ट्या आणि मनगटाच्या थोड्या वर संपणाऱ्या बाह्या. चार वर्षांपूर्वी तिरुपूरच्या बाजारात साडेतीनशे रुपयांना घेतला. जीन्सवर घालते, सुती साडीवर ब्लाउज म्हणून घालते, थंडीत जाकिटाच्या आत घालते. इतका कामाला आलेला दुसरा कपडा माझ्या कपाटात नाही. हा कशावरही कसा जातो, ते शोधायला गेले आणि थेट फ्रेंच आरमारात जाऊन पोहोचले.

२७ मार्च १८५८ रोजी फ्रेंच नौदलाने खलाशांच्या गणवेशाबद्दल आदेश काढला. त्यात विणलेल्या बनियनचं मापच दिलं होतं: अंगावर २१ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येक २० मिलिमीटरची, आणि २० किंवा २१ निळ्या, प्रत्येक १० मिलिमीटरची. हे २१ म्हणजे नेपोलियनचे विजय, असं सांगतात. कथा छान आहे, पण ती मागाहून चिकटवलेली वाटते. मला महत्त्वाचं वाटतं ते प्रमाण. निळ्याच्या दुप्पट पांढरं. म्हणजे लांबून हा कपडा फिकाच दिसतो, त्यामुळे खाली कुठलाही गडद रंग चालतो. आणि जवळून निळा दिसतो, म्हणून अगदी पांढऱ्या पँटवरही तो कोरा वाटत नाही.

हा मुळात आत घालायचा कपडा. वरून जाड डगला यायचा. तोही साध्या खलाशांसाठी, अधिकाऱ्यांसाठी नव्हे. युरोपात पट्ट्यांना तशी फारशी इज्जत नव्हतीच. तेराव्या शतकात कार्मेल पंथाचे साधू पट्ट्यांचे झगे घालून पॅरिसमध्ये आले, तर लोकांनी त्यांची इतकी टवाळी केली की १२८७ मध्ये त्यांना पांढरे झगे घ्यावे लागले. आपल्याकडे तरी काय, चट्ट्यापट्ट्यांचं कापड म्हटलं की आधी कैदी आठवतो, नाहीतर नाडीची चड्डी!

खलाशाच्या अंगावरून हा कपडा वर कसा चढला? समुद्रकिनारी सुट्टीला येणाऱ्या श्रीमंतांच्या डोळ्यांसमोर तो होताच. कोको शानेलने १९१३ मध्ये दोविल या किनाऱ्यावरच्या गावात दुकान काढलं आणि जर्सी, म्हणजे तोवर मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांना वापरलं जाणारं विणलेलं कापड, बायकांच्या कपड्यांत आणलं. खलाशांच्या कपड्यांचा धाटही तिने उचलला. कॉर्सेटमध्ये आवळलेल्या बाईला हात वर करता येईल असा कपडा मिळाला. पुढे १९५२ मध्ये दुआनोने काढलेल्या फोटोत पिकासो हे पट्टे घालून बसला आणि १९६०च्या गोदारच्या सिनेमात जीन सिबर्गने ते घातले. त्यानंतर त्यांना गरिबाचा कपडा कोण म्हणणार?

आता त्या निळ्याकडे येऊ. आदेशात रंग सांगितला होता नीळ. आणि १८५८ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात नव्हतीच. जर्मनीच्या बीएएसएफने ती १८९७ मध्ये आणली. तोवर युरोपच्या बाजारात बंगाल-बिहारच्या निळीचा मोठा वाटा होता. अमुक बनियनचा रंग अमुक गावचा, असं मी म्हणत नाहीये. पण फ्रान्समध्ये पट्ट्यांची मापं ठरली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५९ मध्ये, नदिया भागातल्या रयतेने नीळ पेरायला नकार दिला. मळेवाले आगाऊ रक्कम गळ्यात मारायचे, भाताच्या चांगल्या जमिनीत नीळ लावायला लावायचे आणि भाव स्वतः ठरवायचे; कर्ज बापाकडून मुलाकडे जायचं. १८६० मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याच वर्षी दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ हे नाटक आलं. चंपारणात तर विघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती, आणि गांधीजी तिथे पोहोचले १९१७ मध्ये. साधा, स्वस्त, रोजचा निळा रंग. तो स्वस्त का होता, हे त्या रयतेला विचारायला हवं होतं.

असा टॉप घ्यायचा असेल तर आधी तो उलटा करून पाहा. आतूनही पट्टे तितकेच गडद असतील, तर सूत आधी रंगवून मग विणलेलं आहे. आतून फिके असतील तर वरून छापलेले, ते लवकर विटतात. ओला पांढरा रुमाल निळ्यावर घासा. कापड उजेडासमोर धरा, पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर ठेवून द्या. आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, ही भीती सोडा: हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच दिसतो. (फार बारीक पट्टे मात्र कॅमेऱ्यासमोर नकोत, ते पडद्यावर थरथरतात. माझा एक अख्खा भाग त्यात वाया गेला.)

शेवटी बगलेखालची शिवण पाहा. दोन्ही बाजूंचे पट्टे तिथे जुळवायला कापड जास्त लागतं, शिवणाऱ्या बाईला वेळ जास्त लागतो, म्हणून स्वस्त मालात ते हमखास चुकतात. माझ्याही टॉपचे अर्ध्या सेंटीमीटरने चुकलेत. हात खाली ठेवला की दिसत नाही.