द्रव्यशुद्धीची परंपरा आणि बीड जिल्ह्यातील घरगुती स्वच्छता

तांब्याच्या हंड्यास चिंच, काशाच्या ताटास राख आणि लोकरी वस्त्रास रिठा, ही वाटणी बीड जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या परिचयाची आहे. तिचे कारण केवळ साबणाच्या अभावात शोधणे युक्त नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या द्रव्यशुद्धिप्रकरणात तांब्यास क्षार व आम्ल, कांस्यास भस्म व जल, कुतपास म्हणजे लोकरी कांबळ्यास रिठा सांगितला आहे. त्या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळी कल्याणी येथे रचली, बीडचा प्रदेशही तेव्हा चालुक्यांच्याच राज्यात होता. अर्थात स्मृतीतील शुद्धी प्रामुख्याने धार्मिक होय, आणि केवळ ग्रंथावरून घराघरांतील प्रघात सिद्ध होत नाही. तथापि वस्तू पाहून शोधक द्रव्य निवडावे, हे तत्त्व उभयत्र एकच आहे.

यावरून जुने ते सर्व निरुपद्रवी, असे मात्र मानू नये. राखेचे तीव्र क्षारजल त्वचेस इजा करते, रिठ्याचा फेस डोळ्यांस झोंबतो. परंतु प्रत्येक डागावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतणे, आणि त्यात ब्लीचिंग पावडर मिसळून विषारी क्लोरीन वायू ओढवून घेणे, हे त्या तत्त्वाचे विस्मरणच होय. सौम्य द्रव्याची निवड ही परंपरेच्या अभिमानाची नव्हे, विवेकाची बाब आहे.