संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणणारी रसायने आणि मानवी आरोग्य

मानवी शरीराची वाढ, प्रजनन, चयापचय, झोप आणि मनःस्थिती यांसारख्या क्रियांचे नियंत्रण संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, करीत असतात. थायरॉईड, स्वादुपिंड, बीजांडकोश, वृषण आदी अंतःस्रावी ग्रंथींतून ती थेट रक्तात मिसळतात आणि अत्यल्प प्रमाणात असूनही दूरच्या अवयवांपर्यंत नेमका संदेश पोहोचवतात. या संदेशवहनात बाहेरून ढवळाढवळ करणाऱ्या पदार्थांना ‘अंतःस्रावी व्यत्यय आणणारी रसायने’ असे म्हटले जाते. १९९१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड येथे शास्त्रज्ञांची एक बैठक झाली. प्राणिशास्त्रज्ञ थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने झालेल्या या बैठकीनंतर ही संज्ञा रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, असा परिणाम करणाऱ्या किंवा तसा संशय असलेल्या रसायनांची संख्या सुमारे ८०० आहे.

परिणाम कसा होतो?

संप्रेरकाचा संदेश स्वीकारण्यासाठी पेशींमध्ये विशिष्ट प्रथिने असतात. कुलपात किल्ली बसावी, तसे संप्रेरक या प्रथिनांमध्ये बसते. काही रसायने बनावट किल्लीप्रमाणे तेथे बसून अवेळी संदेश देतात, तर काही ती जागा अडवून खऱ्या संप्रेरकाचे काम रोखतात. अन्य काही रसायनांमुळे संप्रेरकाची निर्मिती किंवा त्याचा शरीराबाहेर निचरा होण्याचा वेग बदलतो.

विषाचा परिणाम त्याच्या मात्रेवर अवलंबून असतो, हे विषशास्त्राचे जुने सूत्र आहे. या रसायनांच्या बाबतीत मात्रेइतकेच महत्त्व वेळेला आहे. गर्भावस्थेत जननेंद्रिये आणि मेंदू यांची जडणघडण ठरावीक आठवड्यांत होत असते. प्रौढ व्यक्तीत तात्पुरता ठरणारा बदल त्या काळात कायमचा ठरू शकतो आणि त्याचे लक्षण दिसण्यास अनेक वर्षे लागू शकतात.

एका औषधाने दिलेला इशारा

याचे सर्वाधिक स्पष्ट उदाहरण डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, अर्थात डीईएस, या औषधाचे आहे. स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनसारखे कार्य करणारे हे कृत्रिम रसायन ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये तयार केले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेसह अनेक देशांत ते गर्भवती महिलांना देण्यात येत असे. या उपयोगासाठी औषध निरुपयोगी असल्याचे १९५३ मध्ये शिकागो येथील चाचणीत दिसून आले. तरीही त्याचा वापर चालूच राहिला.

बॉस्टन येथील डॉ. आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९७१ मध्ये आठ तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. या सर्वांना योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग झाला होता आणि त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध न देण्याची सूचना केली. गर्भावस्थेत या औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींमध्ये वंध्यत्व, मुदतपूर्व प्रसूती आणि गर्भाशयाच्या रचनेतील दोष यांचे प्रमाणही अधिक असल्याचे पुढील संशोधनात आढळले. औषध मातेने घेतले, तिला त्या वेळी कोणताही त्रास जाणवला नाही आणि परिणाम कन्येच्या तारुण्यात प्रकट झाला.

कासरगोडचा अनुभव

भारतात हा विषय केरळमधील कासरगोड जिल्ह्यामुळे चर्चेत आला. तेथील राज्य महामंडळाच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी केली जात होती. परिसरातील गावांमध्ये जन्मजात व्यंगे, मतिमंदत्व आणि मज्जासंस्थेचे विकार असलेल्या मुलांची संख्या अधिक असल्याच्या तक्रारी पुढे आल्यावर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची दखल घेतली.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बागांच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील ११७ शाळकरी मुलांची तपासणी केली आणि फवारणी न झालेल्या भागातील ९० मुलांशी त्यांची तुलना केली. फवारणीच्या क्षेत्रातील मुलांमध्ये लैंगिक परिपक्वता उशिरा येत असून पुरुष-संप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा येत असावा, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतील मुलांची संख्या मर्यादित असल्याचे संशोधकांनीही नमूद केले होते.

एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम करारातील सदस्य देशांनी एंडोसल्फानचा समावेश जगभरातून हद्दपार करावयाच्या रसायनांच्या यादीत केला. त्यानंतर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याच्या उत्पादन, विक्री आणि वापरावर अंतरिम बंदी घातली. बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. या आदेशाच्या अंमलबजावणीत झालेल्या दिरंगाईबद्दल २०२२ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला खडसावले. तोपर्यंत फवारणी थांबून दोन दशके उलटली होती.

दैनंदिन वापरातील वस्तू

या रसायनांचा संबंध केवळ औषधे आणि कीटकनाशके यांच्यापुरता मर्यादित नाही. कठीण, पारदर्शक प्लॅस्टिक आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांचे आतील अस्तर यांसाठी बिस्फेनॉल-ए वापरण्यात आले आहे. या पदार्थात इस्ट्रोजेनसारखे गुणधर्म असल्याचे डॉड्स यांनीच १९३६ मध्ये दाखवून दिले होते. त्यानंतरही पन्नासच्या दशकापासून प्लॅस्टिक उद्योगात त्याचा वापर वाढत गेला. प्लॅस्टिक लवचीक करणारी थॅलेट्स ही रसायने वेष्टने, खेळणी आणि सुगंधी प्रसाधनांत आढळतात. डीडीटी आणि जुन्या विद्युत रोहित्रांतील पीसीबी ही रसायने दीर्घकाळ नष्ट होत नाहीत. ती शरीरातील चरबीत साठतात आणि मातेच्या दुधातही उतरतात.

काय सिद्ध झाले आहे?

डीईएसचे दुष्परिणाम निर्विवादपणे सिद्ध झाले आहेत. पीसीबीचा गर्भाच्या मेंदूविकासावर होणारा परिणामही अनेक देशांतील पाहण्यांत आढळला आहे. पुरुषांमधील शुक्राणूंची घट, मधुमेह, लठ्ठपणा आणि स्तनाचा कर्करोग यांच्याशी असलेल्या संबंधाबाबत मात्र पुराव्यांचे बळ सारखे नाही. एक व्यक्ती एकाच वेळी अनेक रसायनांच्या संपर्कात असते आणि संपर्क व आजार यांच्यात वर्षांचे अंतर असते. त्यामुळे एखाद्या आजाराचे खापर एकाच रसायनावर फोडणे कठीण ठरते. पुरावा उशिरा मिळणे हे रसायन निर्धोक असल्याचे लक्षण नव्हे, हे डीईएसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नियमन आणि दक्षता

भारतात १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घालण्यात आली. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बिस्फेनॉल-ए वापरण्यास युरोपीय महासंघाने २०११ मध्ये मनाई केली. भारतीय मानक ब्युरोच्या २०१५ च्या मानकातही बिस्फेनॉल-ए असलेल्या बाटल्यांना स्थान देण्यात आलेले नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये या रसायनाच्या दैनंदिन सेवनाची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली.

घरगुती पातळीवर काही सोप्या उपायांनी या रसायनांचा संपर्क कमी करता येतो. गरम अन्न प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवू नये. त्याऐवजी स्टील, काच किंवा मातीची भांडी वापरावीत. फळे व भाज्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. कीटकनाशक फवारताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि गर्भवती महिलांनी फवारणीच्या जागेपासून दूर राहावे. मातेच्या दुधात ही रसायने अल्प प्रमाणात आढळत असली, तरी पहिले सहा महिने बाळाला केवळ स्तनपान द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस कायम आहे. दुधामुळे बाळाला होणारा लाभ संभाव्य धोक्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

मात्र गावावरून होणारी फवारणी किंवा डब्याच्या आतील अस्तर यांवर कोणत्याही कुटुंबाचे नियंत्रण नसते. त्यामुळे नवे रसायन बाजारात येण्यापूर्वीच संप्रेरकांवरील आणि गर्भावरील त्याच्या परिणामांची तपासणी व्हावी, असा आग्रह या क्षेत्रातील संशोधक धरीत आहेत.