रजा, खाडा आणि बदली

कामापासून मोकळे होण्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले तरी त्यांचे कुळ वेगळे आहे. ‘सुट्टी’ ही ‘सुटणे’च्या गोतावळ्यातली, शाळेची घंटा वा गिरणीचा भोंगा झाला की सगळे एकदम सुटतात. ‘रजा’ मात्र अरबी-फारसीच्या वाटेने आली आणि तिचा मूळ अर्थ संमती, परवानगी असा आहे. सुट्टी होते, रजा मागावी लागते, आणि मागितल्यावर ती मिळते किंवा नाकारली जाते. न मागता जो घरी राहतो त्याच्या त्या दिवसाला तिसराच शब्द आहे: ‘खाडा’. हा शब्द आजही घरकाम करणाऱ्या बायकांच्या संदर्भात मध्यमवर्गीय घरांतून रोज ऐकू येतो. तेथे ‘आज बाईंची रजा आहे’ असे म्हणणारे घर आम्हांस अजून आढळायचे आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात या तीन शब्दांना चौथा जोडावा लागतो, तो म्हणजे ‘बदली’. सरकारी नोकराची बदली होते ती एका गावाहून दुसऱ्या गावी. गिरणीतला बदली हा मात्र माणूस होता: कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता उभा राहणारा. भरपगारी रजेचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सनावळीने सांगितला जातो. ती सनावळ खरी आहे, आणि पुढे आम्हीही तिचाच आधार घेणार आहोत. परंतु ज्याच्या जिवावर ही रजा देता आली, तो बदली त्या सनावळीत क्वचितच दिसतो.

आरंभ अर्थातच नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करावा लागतो. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण विश्रांती. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा त्यातील मागण्या होत्या. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार दिवस सुट्टी दिली होती ती फक्त मुलांना. प्रौढांविषयी तो कायदा मुका होता. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे कामगारांची प्रचंड सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकसंघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला अधिष्ठान दिले. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्पर्धाभावही होता, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने लोखंड्यांनी तो मागितला, ही हकीकत महाराष्ट्रात फार प्रेमाने सांगितली जाते. तीत तथ्य किती हा प्रश्न वेगळा.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी एक बाब. ही सुट्टी होती, भरपगारी सुट्टी नव्हे. साचेखात्यातील विणकराला मजुरी मिळे ती उतरलेल्या कापडावर. साचा बंद राहिला की मजुरीही बंद. म्हणजे रविवारची विश्रांती तो स्वतःच्या खिशातून विकत घेत होता. तरीही तिच्यासाठी हजारो माणसे सह्या करतात, अंगठे उठवतात, यावरून उरलेले सहा दिवस कसे जात असतील याची कल्पना येते. मात्र त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करताना जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा निकामी झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. रविवारच्या तेजात ही मागणी झाकोळून गेली आहे. काम न करणाऱ्या दिवसाचेही दाम मालकाने द्यावे हा विचार मुंबईच्या कामगारांनी १८८४ सालीच मांडला होता. त्याची व्यापक अंमलबजावणी व्हायला पुढे साठ वर्षे लागली.

या साठ वर्षांत कामगार रजा घेतच नव्हता काय? घेत होता, आणि चांगली महिना-दोन महिन्यांची घेत होता. गिरणगावातला बहुसंख्य कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेला. पेरणी, कापणी, शिमगा, गणपती, घरातले लग्न, म्हाताऱ्याचे आजारपण, अशी गावची ओढ त्याला वर्षातून एकदा तरी खेचून नेई. मालकांच्या आणि सरकारी अहवालांच्या भाषेत ही ‘गैरहजेरी’ होती. शेतकरी वृत्तीचा, शिस्त न लागलेला मजूर असे तिचे निदान केले जाई. कामगाराच्या बाजूने पाहिले तर ती त्याची स्वतः उभारलेली रजापद्धती होती. गावी जमीन होती, आणि ती कसणारे भाऊबंद होते. कामगार थकला की गावी जाऊन पडे. आजारपण, म्हातारपण, बाळंतपण यांचा सगळा भार गावाने उचलला, म्हणूनच शहरातली मजुरी तितकी स्वस्त राहू शकली.

परत आल्यावर मात्र जागा शाबूत असेल याची शाश्वती नव्हती. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर. त्याला दस्तुरी दिल्यावाचून पुन्हा आत पाऊल पडत नसे. रजेला पगार नव्हता इतकेच नव्हे, तर रजेची किंमत मोजावी लागत होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्याचा प्रयत्न करू नये, त्याला ठरावीक मुदतीची रजा मागण्यास उत्तेजन द्यावे आणि वेळेवर परतल्यास जुने काम मिळेल असे वचन देऊन पाठवावे, असा त्याचा आशय होता. साहेबांच्या आयोगाकडून एवढा समंजसपणा अनपेक्षित वाटतो खरा. पगाराचा मुद्दा मात्र त्याला त्या वचनाइतका निकडीचा वाटला नाही.

कायम कामगार गावी गेला तरी गिरणी चालू राही, कारण दाराशी बदली उभा असे. रोज पहाटे पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकावर माणसांचा घोळका जमे. खाडे किती पडले ते पाहून जॉबर त्यातले निवडी. बाकीचे घरी जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. १९३५ मध्ये मालकसंघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरच्या मनमानीला त्याने काही प्रमाणात वेसण बसली असेल. त्याबरोबरच घोळक्यातला माणूस नोंदीतला माणूस झाला. त्याच्या अस्तित्वाला कार्ड मिळाले, पण काम मिळाले नाही. ते अजूनही दुसऱ्याच्या गैरहजेरीवरच अवलंबून होते.

याच सुमारास जगात वारे फिरले होते. १९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडीच्या सरकारने सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि त्याच वर्षी जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने वर्षभराच्या सलग नोकरीनंतर किमान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार संमत केला. भारतात हे तत्त्व आले ते १९४५ च्या दुरुस्तीने: बारा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर प्रौढांना दहा दिवस, मुलांना चौदा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे प्रमाण घातले, आणि १९५४ च्या दुरुस्तीने वर्षात २४० दिवस भरण्याची अट आली. गिरणगावात या रजेला नाव पडले ‘हक्काची रजा’. कचेरीच्या इंग्रजीत तिला ‘प्रिव्हिलेज लीव्ह’ म्हणत; प्रिव्हिलेज म्हणजे खास सवलत, मेहरबानी. कामगारांनी भाषांतर करताना मेहरबानीचा हक्क केला. मराठीतील पारिभाषिक शब्दांच्या इतिहासात या अनामिक भाषांतरकारांची नोंद कोणी घेतलेली नाही. उलट राज्य सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांत रजा हक्क म्हणून मागता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखले ते सरकारनेच.

२४० या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. हे २४० दिवस कोण भरू शकतो? ज्याचे नाव हजेरीपटावर कायम आहे तो. त्याच्या बाबतीत टाळेबंदीवजा ‘ले-ऑफ’चे दिवस, बाळंतपणाच्या रजेचे ठरावीक आठवडे, आदल्या वर्षी कमावलेली रजा, हे सारे हजर दिवसांत धरले जातात. म्हणजे न केलेल्या कामालाही कायदा काम मानतो, ही मोठीच गोष्ट आहे. बदलीचे गणित उलटे. त्याला काम मिळाले नाही तो दिवस कोणत्याच रकान्यात जात नाही. तो फाटकाशी आला होता, उभा राहिला होता, याला पुरावा नाही. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईची कलमे घातली गेली तेव्हा त्यांत बदलीची व्याख्या करावी लागली: हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला कामगार. वर्षाची सलग नोकरी भरली तर तो बदली मानला जाणार नाही अशी पुस्ती तेथे आहे. परंतु ती भरण्याआधी खंड पाडण्याची युक्ती व्यवस्थापनांना कोणी शिकवावी लागली नाही. ‘ब्रेक दिला’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो काही उगाच नव्हे.

कायम आणि बदली यांच्यात शत्रुत्व होते असे मात्र समजू नये. पुष्कळदा बदली हा कायम कामगाराचाच धाकटा भाऊ वा पुतण्या असे, एकाच खोलीत राहणारा, एकाच खानावळीत जेवणारा. काका गावी गेला की पुतण्याला काम, हा घरातल्या घरातला व्यवहार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचे वर्णन आपण पगारवाढीचा संप असे करतो. पण डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली पुढे आलेल्या मागण्यांत बदलींना कायम करा ही मागणी होती, आणि रजा व प्रवासभत्त्याचीही होती. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. या दोन मागण्या शेजारी शेजारी याव्यात हे आम्हांस सहजस्वाभाविक वाटते. रजेवर जाणारा आणि त्याच्या जागी उभा राहणारा हे दोघे निदान त्या कागदावर बरोबरीने आले होते.

बाळंतपणाच्या रजेची कथा निराळी आहे, तिला स्वतंत्र लेख लागेल. एवढेच नोंदवतो की मुंबई प्रांताचा १९२९ चा मातृत्वलाभ कायदा हा देशातला पहिला, आणि त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी खर्च कोणी सोसावा हा प्रश्न नेमका पकडला होता. भार मुख्यतः सरकारवर असावा हे त्यांना मान्य होते. पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक त्यातून पूर्ण सुटू शकत नाही असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. ज्या नोकऱ्यांना राज्य विमा योजना लागू नाही तेथे तिचा सारा खर्च मालकावर आहे. परिणामी लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत काय विचारले जाते, ते आमच्या माजी विद्यार्थिनी सांगतात.

अलीकडच्या कायद्यांत आकडे कामगाराच्या बाजूने सरकलेले दिसतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आणि पंचेचाळीस दिवसांपर्यंत रजा साठवण्याची मुभा दिली, मात्र दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच. आणि ती मर्यादा वीसवर नेण्यास २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे. रकाना सैल झाला, हे चांगलेच. पण हजेरीपटच ठेकेदाराचा असेल आणि ठेकेदार वर्षागणिक बदलत असेल, तर १८० दिवस मोजायला सुरुवात कोठून करायची हा प्रश्न उरतोच.

आमच्या पेशात भोंगा नाही, घंटा आहे. आमच्यापैकी कोणी अभ्यासरजेवर वा बाळंतपणाच्या रजेवर गेले की तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक येतो. त्याच्याकडे बहुधा आमच्याइतक्याच पदव्या असतात. त्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी आम्ही भरपगारी भोगतो. त्याच्या हिशेबात ते दिवस येत नाहीत. कायम पद रिकामे झाले तरी ते वर्षानुवर्षे भरले जात नाही, तेव्हा तो रजेवर नसलेल्या, निवृत्त होऊन गेलेल्या माणसाचा बदली असतो. त्याला २४० दिवसांचा नियम लागू होत नाही, आणि १८० चाही नाही. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे असा निर्णय दिला आहे. अध्यापन हे उदात्त कार्य असल्याचे त्यात म्हटले आहे. यंदाच्या जूनमध्ये तो आमच्या विभागात पुन्हा मुलाखत देईल, आणि निवड समितीत आम्ही असू.