टीएमएस म्हणजे काय? शॉक की आणखी काही?

मावशीचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? डॉक्टर टीएमएस म्हणतायत. पोरीला शॉक देणार का रे?" माझी मावसबहीण १७ वर्षांची. डिप्रेशनमध्ये ती स्वतःला इजा करून घेत होती.

शॉक नाही. वायरलेस चार्जरवर फोन ठेवता ना, तेच तत्त्व. कॉइलमधला करंट झपाट्याने बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि जवळच्या वाहकात करंट तयार होतो. इथे वाहक म्हणजे मेंदूच, कपाळामागचा डावा भाग. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे करून दाखवलं. भूल द्यावी लागत नाही. नेहमीच्या पद्धतीत ४ सेकंद टकटक, २६ सेकंद शांत, असं साधारण ३७ मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. डोकं दुखू शकतं, फिट क्वचितच येते. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर मात्र नाहीच.

आता अवघड भाग. अमेरिकेच्या एफडीएने मोठ्यांसाठी २००८ मध्ये मान्यता दिली; १५ ते २१ वयासाठी थेट २०२४ मध्ये, तीही इतर उपचारांच्या जोडीला आणि डिप्रेशनसाठी. इजा करून घेणं थांबवायचा उपाय म्हणून नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या १०३ मुलामुलींवरच्या चाचणीत खऱ्या कॉइलने ४१.७ टक्के सुधारले, नकली कॉइलने ३६.४ टक्के. म्हणजे फारसा फरक नाहीच! मावशीला हे सांगताना जीभ जड झाली. औषधं आणि काउन्सेलिंग बंद करू नका, हे मात्र ठासून सांगितलं.

आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. २४ तास, मोफत, मराठीतही बोलतात.