चांदूरवरून गेलेली रेघ

आमच्या गावाच्या नावाला ‘रेल्वे’ हे शेपूट जोडलेले आहे. याच अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे दुसरे एक चांदूर असल्यामुळे पत्रे आणि पाहुणे भलत्याच गावी जाऊ नयेत, एवढाच त्यातला हेतू. बाजारामुळे एक चांदूर ओळखले गेले, आगगाडीमुळे दुसरे. परंतु आगगाडीच्याही आधी आमच्या मुलुखावरून एक रेघ गेलेली आहे. तिला रूळ नाहीत, स्टेशने नाहीत. ती फक्त नकाशावर दिसते. भूगोलाचे पुस्तक उघडून पाहा: आमचे चांदूर ७८ अंश पूर्व रेखांशाला जवळजवळ चिकटूनच बसलेले आहे, आणि याच रेखांशाच्या आसपासच्या पट्ट्यातून, कन्याकुमारीपासून थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, गेल्या शतकाच्या आदल्या शतकात हिंदुस्थानचे पाठीचे हाड मोजले गेले.

मोजणारा होता विल्यम लॅम्ब्टन. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची पहिली आधाररेषा मोजावयास घेतली आणि पुढे एकवीस वर्षे तो त्रिकोणांवर त्रिकोण रचीत उत्तरेकडे सरकत राहिला. रीत तशी साधी, आमच्या आठवीच्या पोरांनाही कळेल अशी. एक बाजू साखळीने मोजावयाची; तिच्या दोन टोकांवरून दूरच्या डोंगरावरील निशाणाचे कोन घ्यावयाचे; उरलेल्या दोन बाजू गणिताने काढावयाच्या; आणि त्यांपैकी एकीवर नवा त्रिकोण उभा करावयाचा. कोन घेण्याचे त्याचे यंत्र मात्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरांवर चढवावे लागे, देवळांच्या गोपुरांवर ओढून न्यावे लागे. हा म्हातारा सत्तरीच्या घरात असताना, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. वर्धा नदी ओलांडली की आमच्याकडून हिंगणघाट काही फार दूर नाही. तेथेच त्याचे थडगे आहे. त्याचा हाताखालचा माणूस जॉर्ज एव्हरेस्ट याने काम पुढे नेले आणि १८४१ साली ते हिमालयापर्यंत नेऊन भिडवले. दिवसा धुळीने व उन्हाच्या झळांनी निशाणे दिसत नाहीत, म्हणून डोंगरमाथ्यांवर रात्री दिवे लावून कोन घेण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. जगातल्या सर्वांत उंच शिखराला पुढे एव्हरेस्टचे नाव मिळाले. हिंगणघाटच्या मातीत निजलेल्याच्या वाट्याला शिखर आले नाही.

वाचकहो, ही हकीकत ऐकताना मन भारावते, आणि भारावणे योग्यच आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाने एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये: मोजले कशासाठी? पृथ्वीचा आकार कळावा ही लॅम्ब्टनची जिज्ञासा खरी होती; परंतु त्याच्या पगाराचे पैसे देणाऱ्या कंपनी सरकारला पृथ्वीच्या आकारापेक्षा मुलुखाचा आकार हवा होता.

तो मुलूख कसा मोजला गेला हे पाहावयाचे असेल तर दुर्बिणीकडून साखळीकडे वळले पाहिजे. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. तिकडे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ साली जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरावर उतरू लागल्या. याच सुमारास सरकारी मोजणीदार साखळ्या घेऊन वऱ्हाडच्या शिवारांत शिरले.

त्यांची पद्धत मुंबई इलाख्याची होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा साहेबांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात तिची घडी बसवली होती. साखळी ३३ फुटांची; तिचे भाग सोळा, आणि प्रत्येक भागाचे नाव आणा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही वावराचा सौदा करताना आपण ज्या गुंठ्यांवरून हमरीतुमरीवर येतो, तो गुंठा या साखळीचाच. मातीची प्रतही रुपयाच्या हिशेबाने ठरे. खोल, काळी, बिनदोषाची माती सोळा आण्यांची. मग खोली कमी, रंग फिका, चुनखड, वालसर, पाणथळ असा एकेक दोष दिसला की आणे उतरत जात. मोजणीदाराचा कारकून खड्डा खणून माती हातात घेई, चोळून पाही आणि पाटीवर आणे मांडी. या कामाला मी नावे ठेवणार नाही. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, गावनकाशा, सारे या मोजणीतून आले आणि कुणब्याला आपल्या जमिनीचा कागद मिळाला. परंतु त्या नकाशात एक गोष्ट ठळकपणे होती आणि एक जवळजवळ नव्हतीच. होती ती जमीन, कारण तिच्यावर सारा बसे. नव्हते ते भुईखालचे पाणी. नाला गावाच्या नकाशावर एका वाकड्या रेघेपुरता आला. पण तो कोठून पाणी आणतो, किती मुरवतो आणि किती दवडतो, हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही.

ती विचारणा शंभर वर्षांनी झाली, आणि ती जमिनीवरून नव्हे तर आकाशातून झाली. आपल्या देशात तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९७०च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना मूळ कुजण्याचा रोग लागला होता. पिशारोटी नावाच्या शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेतली. आणि जमिनीवरून हिरवीगार दिसणारी काही झाडे आजारी आहेत हे त्या छायाचित्रांनी सांगितले. झाडाचे पान तांबडा प्रकाश पिऊन टाकते आणि अवरक्त प्रकाश जोराने परतवते. पान आजारले की हे परतवणे मंदावते. पाण्याचे उलट आहे. ते अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून अशा चित्रात तलाव काजळासारखा काळा दिसतो. सुदूर संवेदन या भारदस्त शब्दाचे सार एवढेच: वस्तूला हात न लावता, ती कोणता प्रकाश परत धाडते त्यावरून तिची प्रकृती ओळखणे. आमच्याकडचे नाडीपरीक्षा करणारे वैद्य निदान मनगट तरी धरीत!

१९७२ साली अमेरिकेने पृथ्वी न्याहाळणारा लँडसॅट उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आय.आर.एस.-१ए हा उपग्रह रशियन अग्निबाणावर बसून बैकानूरहून निघाला आणि ९०४ किलोमीटर उंचीवरून दर २२ दिवसांनी प्रत्येक गावाच्या माथ्यावर येऊ लागला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. मला या उपग्रहाचा डोळा मोजून पाहण्याची हौस झाली. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटर लांब आणि तेवढाच रुंद भरे. गुंठ्यांत काढले तर होतात बावन्न, म्हणजे सव्वा एकराहून थोडे जास्त. दुसऱ्या, अधिक तीक्ष्ण कॅमेऱ्याचा ठिपका तेरा गुंठ्यांचा. २००५ साली गेलेल्या कार्टोसॅट-१ची नजर अडीच मीटरांवर आली, म्हणजे एका बैलगाडीला पुरेल एवढ्या जागेवर. साखळीच्या आण्यापासून निघालेला हिशेब असा आकाशात जाऊन पुन्हा वावराच्या बांधावर उतरला.

या नकाशांनी जे दाखवले ते साखळीला दाखवता आले नसते. आमच्या मातीखाली काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. तो पाणी सहजासहजी पोटात घेत नाही. घेतो तो भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती भेग दिसत नाही, कारण ती कोसच्या कोस लांब असते. पण वरून पाहिले की नाल्याचे अचानक सरळ झालेले पात्र, झाडांची एका ओळीत धावणारी हिरवळ, यांवरून ती ओळखू येते. त्या खुणेवर भूवैज्ञानिक येतो आणि विहीर कोठे खणावी, बंधारा कोठे घालावा याचा अंदाज बांधतो. संगणकात माती, उतार, नाले, जंगल, पिके यांचे नकाशे एकमेकांवर पारदर्शक कागदांसारखे ठेवता येतात. आणि मग गावाच्या किंवा तालुक्याच्या सरकारी हद्दीऐवजी पाणलोटाची हद्द दिसू लागते. पोहऱ्याच्या जंगलावर पडलेल्या पावसाला तालुका कोणता हे ठाऊक नसते. तो फक्त उतार ओळखतो.

येथवर सारे गोड आहे. परंतु एकदा मी हे सगळे आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध कास्तकाराला उत्साहाने सांगत होतो, तेव्हा त्याने शांतपणे तंबाखू मळीत विचारले, “गुरुजी, वरून समदं दिसते म्हनता, पन पानी गोड हाय का खारं, थे दिसते काय?”

प्रश्न अडाणी नव्हता. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे माती दिसावयाला काळी, भारदार, आणि भुईखाली पाणीही आहे. पण ते खारे, प्यावयाला नको आणि पिकाला नको. वर क्षार फुटून आलेली पांढरी जमीन उपग्रहाला दिसेल. पन्नास हात खालच्या पाण्याची चव दिसणार नाही. ती पाहावयाची तर विहिरीत पोहरा सोडावा लागतो. वरचा डोळा आणि खालचा पोहरा, दोन्ही लागतात.

नकाशावरचा ठिपका आणि जमिनीवरचे पाणी यांत किती अंतर पडू शकते हे आपण जलयुक्त शिवार योजनेत पाहिले. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने ती जाहीर केली. प्रत्येक बंधाऱ्याचे, खोलीकरणाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह संगणकावर चढवण्याची व्यवस्था झाली. व्यवस्था चांगलीच होती, कारण पूर्वी कागदावरचा बंधारा कागदावरच राही. तरीही सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाल्यानंतर, २०२० साली आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नसल्याचा ठपका ठेवला. बंधारा बांधला, याचा पुरावा छायाचित्र देते. त्यात मुरलेले पाणी कोणी कोणत्या पिकासाठी उपसले, गावाने पाण्याचा हिशेब मांडला की नाही, हे छायाचित्रात येत नाही. ते गावसभेत बसून ठरवावे लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचे लहानसे गाव आहे. २०१२ साली त्याला वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेले रान गावकऱ्यांनी राखले, सीताफळे विकून उत्पन्न काढले, आणि २०१४ साली त्यांच्या कामाचा गौरव झाला. याच २०१२ साली या कायद्याच्या नियमांत एक फार शहाणे वाक्य घातले गेले. त्याचा आशय असा की, उपग्रहाची चित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावीत. त्या पुराव्यांची जागा त्यांना देऊ नये. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्याने ‘आमचा आजा येथे मोहाची फुले वेचीत असे’ म्हणून सांगितलेली साक्ष उपग्रहाला ती वाट दिसली नाही एवढ्यावरून खोटी ठरत नाही. लॅम्ब्टनपासून चालत आलेल्या दोनशे वर्षांच्या मोजणीत, मोजल्या जाणाऱ्या माणसाचा शब्द मोजणाऱ्याच्या यंत्राशेजारी मांडीला मांडी लावून बसला, तो मला वाटते येथे.

आता तर मोजणीची साखळी अर्धीअधिक कास्तकाराच्याच हातात आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी वावरात काय पेरले ते तलाठी लिही, आणि कधी कधी चावडीवर बसूनच लिही, असे लोक म्हणत. आता कास्तकार स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेतो आणि सातबाऱ्यावर आपली तूर, आपली कपाशी आपणच नोंदवतो. ज्याला ते यंत्र हाताळता येत नाही त्याला शेजारची शाळकरी मुले मदत करतात. आमच्या वर्गातली कित्येक मुले या कामात तरबेज आहेत. अक्षांश-रेखांश त्यांना पाठ करावे लागत नाहीत, ते खिशात असतात.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. दिवाळीत आपण मामाच्या गावाला जाल, भाऊबिजेला बहिणीकडे जाल. फराळ झाल्यावर पोराबाळांना घेऊन एकदा गावाच्या नाल्याकाठाने वर वर चालत जा, पाणी जेथून निघते तेथपर्यंत. सोबत मोबाईलवर आकाशातून दिसणारे गाव उघडून ठेवा, आणि एखाद्या जुन्या जाणत्या माणसालाही बरोबर घ्या. कोणती विहीर उन्हाळ्यात टिकते, कोणती होळीलाच तळ गाठते, कोठले पाणी गोड आणि कोठले खारे, हे त्यांना विचारून मुलांकडून त्या चित्रावर लिहून घ्या. तो कागद पुढच्या गावसभेत ठेवा. सारा वसूल करण्यासाठी केलेल्या गावनकाशात जे राहून गेले, ते भरून काढण्याचे काम आता आपल्या घरातल्या पोरांना सहज करता येण्याजोगे आहे.