ट्रकातलं थेटर

१९५६ साली बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातल्या कमलनगरच्या मराठी घरांची नाळ मात्र उदगीर-नांदेडकडच्या जत्रांशी तुटली नाही. जत्रा म्हणजे खंडोबा, जनावरांचा बाजार, तमाशा आणि तंबूतला सिनेमा.

तंबूतला हा सिनेमा दाखवणाऱ्या महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजचा जीव ट्रकात असे. हौद्यात प्रोजेक्टर घट्ट बसवलेला; ट्रक तंबूच्या मागच्या बाजूला लावायचा, की झोत थेट आतल्या पडद्यावर. खेळ संपला की रिळांच्या डब्यांशेजारीच पथाऱ्या पडत. घर म्हणा, यंत्रघर म्हणा, तेच.

पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला. मग इंजिन खोलायचं, गंजलेला पत्रा ठोकायचा, टायर बदलायचे, प्रोजेक्टरची चक्रं तेलपाणी करून ठेवायची. एवढं करूनही ऐन हंगामात गाडीला धक्का मारायची वेळ येईच, आणि मालकाला त्यात फारसं नवलही वाटत नसे!

२०१० नंतर रिळांच्या प्रती येईनाशा झाल्या. काहींनी डिजिटल यंत्रं घेतली, काहींनी लोखंड भंगारात घातलं. हा बदल शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपला; २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला.