‘लाइन’ : एका शब्दाचा धागा

गेल्या पावसाळ्यानंतर शाळेच्या कुंपणाची भिंत दुरुस्त करायला गवंडी आला होता. त्याने हाताखालच्या पोराला हाक दिली, ‘‘लाइनदोरी आण रे!’’ मी तेव्हा दहावीच्या वर्गावर होतो. खिडकीतून तो शब्द आत आला आणि व्याकरणाचा तास बाजूला राहिला. मुलांना म्हटले, ‘लाइन’ हा शब्द आपण किती अर्थांनी वापरतो ते सांगा पाहू.

फळा भरायला वेळ लागला नाही. रेल्वेची लाइन, रेशनच्या दुकानापुढची लाइन, वहीतली लाइन, पाण्याची पाइपलाइन, पोलीस लाइन. वीज गेली की ‘लाइन गेली’ आणि ती आणणारा लाइनमन. फोन लागेना म्हणजे लाइन खराब. पोरगा कोणत्या लाइनीत आहे, म्हणजे कोणता धंदा करतो. बिघडलेला माणूस सुधारला तर लाइनीवर आला. मागच्या बाकावर कुणीतरी हसले; त्या ‘लाइनी’चा विचार मुख्याध्यापकाने न केलेला बरा!

एवढे अर्थ या एका शब्दाला चिकटले कसे? बरेचसे इंग्रजी अमदानीत आले. फौजेच्या छावणीत शिपायांच्या खोल्या रांगेने बांधीत. त्या रांगा म्हणजे लाइन्स. पोलीस लाइन आणि नागपूरची सिव्हिल लाइन्स ही त्याच कुळातली नावे. मुंबई ते ठाणे आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीचा मार्ग भुसावळवरून आपल्या बऱ्हाणपूरला स्पर्शून १८६६ साली खांडव्यास पोहोचला. तेव्हापासून ‘लाइन’ आपल्या शिवारातून जाते, आणि शब्दही.

पण शब्दाचे मूळ रुळात नाही, सुतात आहे. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या वाखापासून काढलेला धागा तो ‘लिनिया’. धागा ताणला की सरळ रेघ दिसते, म्हणून ‘लाइन’ म्हणजे रेघ झाली. त्याच जवसाचे कापड ते लिनन, आणि कपड्याला आतून ते लावीत म्हणून अस्तराला लायनिंग. तेव्हा आमच्या गवंड्याची ‘लाइनदोरी’ म्हणजे मुळात ‘दोरी-दोरी’च. ‘पाव’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच भाकरी. आपण त्याला पुन्हा रोटी जोडून पावरोटी केली, तसेच हे.

याला कुणी सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणेल. पण आपल्या भाषेनेही हाच मार्ग चोखाळला आहे. सूत म्हणजे धागा, आणि भिंत सरळ असली तर ती ‘सुतात’ आहे. सुताने माप धरणारा तो सूत्रधार. त्याचाच झाला सुतार. गणिताचे सूत्र तेच, आणि दोघांचे पटले तर ‘सूत जमले’. दोन दूरच्या देशांतील माणसांनी धागा ताणला आणि दोघांनाही त्यात सरळपणा दिसला.

बऱ्हाणपूरकराला हे नवल वाटू नये. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये येथे आला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जाते असे त्याने नोंदवले आहे. पुढे लालबागेत ताप्ती मिल झाली, घरोघरी यंत्रमाग आले. ज्या गावाने जगाला सूत पुरवले, त्याच्या तोंडी सुताचाच एक परदेशी शब्द इतका रुळला, हा योग गमतीचा खरा.

त्या दिवशीच्या तासाचा उत्तरार्ध मात्र गमतीचा नव्हता. प्रत्येक ‘लाइनी’समोर मराठी शब्द लिहा, असे मी सांगितले. रांग आली, ओळ आली, रेघ आली. नंतर वर्ग थांबला. कुणी ‘कतार’ म्हणाले, कुणी ‘पंक्ति’. शेतकऱ्याच्या मुलीने ‘सरी’ सांगितली. ‘सूत’ कुणालाच आठवले नाही.

मुलांना दोष कसा द्यावा? आपला निमाड जिल्हा मध्यप्रांतात होता, तेव्हा राजधानी नागपूर होती आणि कारभारात हिंदीबरोबर मराठीही चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर नवी लाइन पडली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. रावेरची बाजारपेठ, सोयरिकी, केळीचे व्यवहार पूर्वीसारखेच चालू राहिले. मराठी मात्र कचेरीतून घरात आणि घरातून आजीच्या खोलीत सरकत गेली.

हिंदीशी आमचे भांडण नाही. तिने पोटाला भाकरी दिली. इंग्रजी शब्दाशीही नाही. ‘लाइन’ आता आपलीच झाली आहे. पण पाहुणा आला म्हणून घरच्यांनी उठून जायचे नसते. रांग माणसांची, ओळ अक्षरांची, सरी शेतातली, रेघ पाटीवरची. हे भेद गेले म्हणजे पाहण्याची नजरच बोथट होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगितले. एका विणकराच्या नातवाने वहीत दोनच शब्द आणले : ताणा आणि बाणा. समोर त्याने लिहिले होते, ‘‘मागावरची उभी लाइन आणि आडवी लाइन.’’ मी ते खोडले नाही. खाली लाल शाईने एवढेच लिहिले, ‘‘दोन्ही धागे असले तरच कापड होते.’’